पत्र्यावर चढण्याआधी: हुक नक्की कुठे अडकवायचा?

तुमचा प्रश्न मला असा समजला. आतापर्यंत घरांच्या स्लॅबवर सोलर बसवलंत, आता एमआयडीसीतल्या एका शेडचं काम मिळतंय. कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरने सांगितलंय की फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्यांना बांधायचा सेफ्टी बेल्ट, नसेल तर गेटच्या आत घेणार नाही. म्हणून तुम्ही विचारताय की कोणत्या कंपनीचा हार्नेस घ्यावा, किती दोऱ्यांचा घ्यावा, आणि 'बेल्ट घातला की काम अडतं' म्हणणाऱ्या पोरांचं काय करावं. शेवटी जाता जाता लिहिलंय की शेडचा अर्धा भाग जुन्या सिमेंटच्या पत्र्याचा आहे. खरं तर तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

कोणता बेल्ट घ्यायचा ते चार ओळींत सांगता येईल. तुम्ही न विचारलेलं जास्त आहे. तो बेल्ट अडकवणार कशाला? आणि माणूस पडलाच तर जमिनीला टेकायच्या आत थांबेल का? शेड उभारणी आणि उंचीवरच्या कामाचं प्रशिक्षण यात माझी बरीच वर्षं गेली. साइटवर बेल्ट नसणं आता कमी दिसतं. बेल्ट आहे, पण हुक लटकतोय किंवा नको तिथे अडकवलाय, हे रोज दिसतं. २०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना आली, ३ किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान मिळू लागलं आणि तालुक्या-तालुक्यात नव्या टीम उभ्या राहिल्या. बहुतेकांना वायरिंग येतं, इन्व्हर्टर कळतो. पण उंचीवर उभं कसं राहायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

आधी थोडा हिशेब मांडतो, कारण तो पटला की पुढच्या अर्ध्या गोष्टी तुमच्या तुम्हीच ठरवाल. माणूस २ मीटर मोकळा पडायला पाऊण सेकंदसुद्धा लागत नाही, आणि तोवर वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. ८० किलोचा माणूस साध्या, न ताणणाऱ्या दोरीने वीसेक सेंटिमीटरमध्ये थांबवला, तर शरीराला बसणारा झटका साडेआठ किलोन्यूटनच्या आसपास जातो. म्हणजे जवळजवळ पावणेनऊशे किलोचं ओझं एका क्षणात अंगावर. कमरेच्या पट्ट्यावर हा झटका आला तर पोटातले अवयव आणि मणका दोन्ही जातात. कमरपट्ट्याचे दिवस संपले ते यामुळेच. शॉक ॲब्झॉर्बर म्हणजे दोरीवरचं ते जाडसर पाकीट. त्याची शिवण झटक्यासरशी उसवत जाते आणि बसणारा जोर ६ किलोन्यूटनच्या आत ठेवते. पण उसवायला त्याला जागा लागते. ती जागाच लोक हिशेबात धरत नाहीत.

समजा, हुक पायाच्या पातळीवर, छताच्या कडेलाच अडकवलाय. दोरी २ मीटर, पाकीट पूर्ण उसवलं तर आणखी पावणेदोन मीटर, पाठीवरच्या रिंगपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि खाली १ मीटर तरी शिल्लक हवं. बेरीज झाली सव्वासहा मीटर. तुमच्या साध्या बैठ्या घराचा स्लॅब जमिनीपासून सव्वातीन मीटरवर असतो. तिथे भारीतला भारी बेल्ट घालून, ॲब्झॉर्बरवाली दोरी लावून माणूस पडला, तर दोरी ताणली जायच्या आधीच तो अंगणात असेल. एक मजला वर असलेल्या घरात आकड्यांत कसंबसं बसतं, पण स्लॅबखाली मीटरभरावर खिडकीचा छज्जा असतो, त्यावर डोकं किंवा कंबर आपटते.

म्हणून कमी उंचीच्या छतावर मी पोरांना 'पडल्यावर थांबवणारी' दोरी देतच नाही. दोरी एवढी आखूड बांधायची की कडेपर्यंत पोचताच येऊ नये. बैल बांधताना दाव्याची लांबी आपण अशीच ठेवतो, की त्याचं तोंड उभ्या पिकापर्यंत जाऊ नये. तेच गणित इथे. कडेपासून हातभर अलीकडे दोरी ताणून थांबली पाहिजे. माणूस पडतच नाही, त्यामुळे झटका नाही, ॲब्झॉर्बर उसवणं नाही, लटकणं नाही आणि खाली उतरवायची धावपळही नाही. तुमच्या घरगुती कामांपैकी बहुतांश कामं अशा पद्धतीने होतात. ज्या एक-दोन पॅनलसाठी कडेवर जावंच लागतं, तिथे आतल्या बाजूने पॅनल सरकवता येतं का बघा, नाहीतर तेवढ्या बाजूला पाइप-क्लॅम्पचं तात्पुरतं रेलिंग किंवा खालून पहाड (परांची) बांधा. ५४० वॉटचं पॅनल २८ किलोच्या आसपास असतं आणि सव्वादोन मीटर लांब. वारा आला की ते शिडासारखं भरतं आणि धरणाऱ्याला कडेकडे ओढतं. जोराच्या वाऱ्यात पॅनल उचलायचं नाही, मग मालक खाली उभा राहून कितीही घड्याळ बघो.

आता हुक कुठे? स्लॅबवर सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे आरसीसी कॉलम. जिन्याच्या खोलीचा, किंवा पाण्याच्या टाकीखालचा, पण तो खरोखर कॉलम आहे आणि नुसता विटांचा खांब नाही याची खात्री करून. त्याभोवती सर्टिफाइड स्लिंगचा पट्टा गुंडाळायचा, धारदार कोपऱ्यावर गोणपाट किंवा जाड रबर लावायचं, आणि त्याला दोरी. काय चालणार नाही त्याची यादी मोठी आहे, कारण पोरांच्या हाताला नेमकं तेच सापडतं. पॅरापेट, म्हणजे छताच्या कडेची बुटकी भिंत, मग ती विटांची असो की कोकणातली जांभ्याची, पाण्याचा जीआय पाइप, डिशचा खांब, जिन्याच्या दाराची कडी, आणि आपणच आत्ता उभं करत असलेलं सोलरचं स्ट्रक्चर. हे शेवटचं फसवं. आठ फूट उंच लोखंडी सांगाडा बघून वाटतं, याहून भक्कम काय असणार? पण बेसप्लेटचे बोल्ट स्लॅबमध्ये पक्के करणारं केमिकल अजून ओलं असतं, ब्रेसिंग (तिरपे आधार) लागायचं असतं, बोल्ट हाताने फिरवून ठेवलेले असतात.

छतावर असा कॉलमच नसेल, पॅरापेटही नसेल तर? गावाकडे अशी घरं भरपूर. तिथे दोरी छतावरून पलीकडे टाकून झाडाला बांधतात. मी याला सरसकट नाही म्हणत नाही. आंब्यासारखं जिवंत, जाड बुंध्याचं झाड असेल, बुंध्याशी खाली बांधलं असेल आणि दोरी जिथे जिथे कडेवर घासते तिथे जाड पॅडिंग असेल, तर वर सांगितल्याप्रमाणे आखूड दोरीने अडवून ठेवण्यासाठी ते चालतं. पडल्यावर झेलण्यासाठी नाही, कारण एवढी लांब दोरी स्वतःच बरीच ताणते. झाडाच्या जागी गाडी मात्र कधीही नको. ड्रायव्हर चहाला जायचं म्हणून गाडी काढतो आणि वर काय होतं हे त्याला कळतही नाही.

शेडचा मामला वेगळा, कारण तिथे भक्कम ते सगळं पत्र्याच्या खाली असतं. वरून दिसतो तो अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा, त्यावर स्क्रूने लावलेली ॲल्युमिनियमची मिनी-रेल, आणि पोरं त्याच रेलमध्ये हुक अडकवतात. ती रेल पॅनल धरायला आहे, माणसाचा झटका धरायला नाही. पत्र्याखालच्या परलीनचंही तेच. दीड-दोन मिलिमीटरची ती झेड किंवा सी आकाराची पट्टी वरचा भार घेते, आडवा हिसका बसला तर पिळवटते. माणूस बांधायचा तर कैचीच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) वरच्या जोडाला किंवा मुख्य राफ्टरला, म्हणजे छताच्या तिरप्या तुळईला. तिथपर्यंत पोचायचे मार्ग कोणते आहेत, हे तुमच्या शेडवर अवलंबून आहे. आतून शिडी किंवा सिझर लिफ्टने राफ्टरला स्लिंग गुंडाळून, आढ्याची कॅप तेवढ्यापुरती उघडून ती वर काढता येते. परलीनवर बसणारे खास अँकर ब्रॅकेटही मिळतात (अँकर म्हणजे हुक अडकवायची जागा). उत्पादकाने ज्या जाडीच्या परलीनसाठी आणि जितक्या स्क्रूंसह तपासलेत, अगदी तसेच लावले तर चालतात. आणि मोठ्या, पुन्हा पुन्हा चढावं लागणाऱ्या शेडवर आढ्याच्या बाजूने कायमची लाइफलाइन, म्हणजे हुक अडकवून सरकता येईल अशी बांधलेली दोरी, असणं योग्य. पॅनल धुवायलाही पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणीतरी वर जाणारच आहे. कोटेशनमध्ये ती ओळ घाला. मालक कापेल कदाचित, पण आपण मागितलीच नाही असं होऊ नये.

लाइफलाइनबद्दल एक इशारा. दोन कॉलममध्ये वायर रोप ताणून 'झाली लाइफलाइन' असं करू नका. दोरी जितकी ताठ, तितका टोकांवर ताण जास्त. मधोमध ६ किलोन्यूटनचा झटका आला आणि दोरी आडव्या रेषेपासून जेमतेम ५ अंश झुकली, तर प्रत्येक टोकावर साधारण ३४ किलोन्यूटन येतात, म्हणजे साडेतीन टनांच्या आसपास. दिसायला मस्त ताठ दिसणारी दोरी टोकाचे क्लॅम्प उपटते. झोळ किती ठेवायचा, मध्ये ॲब्झॉर्बर कोणता, एका वेळी किती माणसं, हे इंजिनिअरने काढून द्यायचं काम आहे. माझा, तुमचा किंवा मुकादमाचा अंदाज तिथे चालत नाही.

उतरत्या पाख्यावर आढ्यापासून खाली येणारी उभी दोरी आणि तिच्यावर सरकणारा, झटका बसताच दोरी पकडणारा रोप ग्रॅब, हा बहुतेक सोलरवाल्यांना जमणारा मार्ग. तीन गोष्टी पाळा. ग्रॅब आणि दोरी एकमेकांसाठी तपासलेली हवी. उत्पादक दोरीची जाडी आणि प्रकार लिहून देतो. हार्डवेअरच्या दुकानातली निळी-पिवळी पीपी (प्लास्टिकची) दोरी सामान चढवायला ठीक, माणसाला नाही. ग्रॅबवरचा बाण वरच्या बाजूला हवा; उलटा बसवला तर तो पकडतच नाही, आणि उलटा बसतो हे सुरुवातीला हमखास होतं. आणि दोरी सतत तंग ठेवत जायची. झोळ राहिला की तेवढं पडणं वाढतं.

मग बाजूला जाण्याचा प्रश्न. अँकर आढ्यावर एका जागी आणि माणूस काम करत करत सात-आठ मीटर बाजूला गेला, की पडल्यावर तो सरळ खाली जात नाही, झोका घेतो. झोक्यात वाटेतला गटर, कॉलम, शेजारची भिंत लागते. शिवाय दोरी पत्र्याच्या कडेवरून करवतीसारखी घासत जाते, आणि कापलेला पत्रा ही धारच आहे. बहुतेक उत्पादक अँकरपासून बाजूला ३० अंशांच्या आत राहा म्हणतात. याचा व्यवहारात अर्थ एवढाच की एका अँकरवर अख्खी शेड करायची नाही, काम सरकेल तसे अँकरही सरकले पाहिजेत. सीट-बेल्टसारखी आपोआप गुंडाळणारी रिट्रॅक्टेबल पेटी पोरांना आवडते, कारण दोरी पायात येत नाही. पण यातल्या बऱ्याच पेट्या डोक्यावर टांगून वापरायच्या असतात. छतावर आडव्या टाकून वापरायच्या असतील, तर कडेवरच्या वापरासाठी तपासलेलीच घ्या. पत्रकात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर ती त्या कामाची नाही.

आता बेल्ट कोणता घ्यायचा ते. भारतीय मानक आयएस ३५२१ किंवा युरोपीय ईएन ३६१ ची खूण असलेला फुल बॉडी हार्नेस, पाठीवर डी-रिंग, शक्य तर छातीवरही एक. ॲब्झॉर्बरसह दुहेरी दोरी, म्हणजे एक हुक सोडताना दुसरा लागलेला राहतो. लेबल शिवलेलं असावं, त्यावर उत्पादनाची तारीख आणि कमाल वजन असावं. बरेच हार्नेस हत्यारांसकट १०० किलोपर्यंतचे असतात, तुमच्या टीममध्ये कुणी जाडजूड असेल तर बघून घ्या. ब्रँडवर मी भांडत नाही. मानक खरं आहे का आणि त्याच्याबरोबर वापराचं पत्रक येतं का, एवढं बघतो. सगळ्यांना एकच माप घेऊ नका. पोरं 'बेल्टने काम अडतं' म्हणतात त्यातलं निम्मं कारण हेच असतं: माप चुकीचं, मांडीचे पट्टे एकतर लोंबकळतात नाहीतर रुततात. पट्ट्याखाली सपाट तळहात जावा, मूठ जाऊ नये. पाठीची रिंग दोन खांद्यांच्या मधोमध. छातीचा पट्टा छातीवरच, गळ्याशी नाही आणि पोटावर नाही. आणि हेल्मेटला हनुवटीचा पट्टा. नाहीतर माणसाच्या आधी हेल्मेट खाली पोचतं.

निम्मं कारण राहिलं. दोरी खरोखरच अडते, जर अँकर चुकीच्या जागी असेल तर. पोरं आळशी नसतात, त्यांना दर पाच मिनिटांनी मागे जाऊन हुक बदलावा लागतो म्हणून ती काढून टाकतात. अँकर कामाच्या दिशेने आधीच लावून ठेवा, कुरबुर निम्म्यावर येते. उरलेल्या पोरांसाठी मी जमिनीपासून फूटभर उंचीवर त्यांना हार्नेसमध्ये दोन मिनिटं लटकवतो, खाली गादी आणि बाजूला दोन माणसं ठेवून. मांडीचे पट्टे कशासाठी घट्ट करायचे, यावर त्यानंतर कुणी वाद घालत नाही.

दुहेरी दोरीची एक बारीक पण धोक्याची सवय सांगतो. एक हुक अँकरला आणि मोकळा हुक हार्नेसच्या कमरेच्या धातूच्या रिंगला अडकवतात, 'लोंबायला नको' म्हणून. अशा वेळी पडलात तर ती दुसरी दोरीच जोर घेते आणि ॲब्झॉर्बर उसवतच नाही. मोकळ्या हुकासाठी छातीच्या पट्ट्यावर जी कच्ची, ओढ बसली की सुटणारी पार्किंगची जागा दिलेली असते, तिथेच तो ठेवायचा. दोरी आखूड करायला गाठी मारायच्या नाहीत, गाठीने दोरीची ताकद मोठ्या प्रमाणात उतरते.

तपासणी रोज सकाळी, घालणाऱ्याने स्वतः. पट्टा हाताने उलटा वाकवून बघा, कापलेले तंतू वर येतात. शिवणीचा धागा तुटलाय का, रंग उडालाय का, सिमेंट किंवा बॅटरीचं ॲसिड लागलंय का. वर्षातून एकदा जाणकाराकडून नीट तपासून नोंद ठेवा. एकदा झटका खाल्लेला हार्नेस आणि दोरी कापून फेकायची, गोदामात ठेवायची नाही. ठेवली की कुणीतरी पुन्हा वापरतो. धुवायचं तर साध्या साबणाने, वाळवायचं सावलीत. टेम्पोच्या टपावर उन्हात पडलेला हार्नेस पत्रकात लिहिलेली वर्षं काढत नाही.

पडून लटकलेल्या माणसाला खाली कोण आणणार? सेफ्टी ऑफिसर हे विचारेल, आणि विचारायलाच हवं. हार्नेसमध्ये निश्चल लटकलं की पायातलं रक्त पायातच साचतं, आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. तेव्हा ११२ आणि १०८ ला फोन लगेच करायचा, पण त्यांची वाट बघत बसायची योजना करायची नाही. जागेवरच पुरेशी लांब शिडी किंवा लिफ्ट, उतरवायचा दोरीचा संच आणि तो वापरता येणारी दोन माणसं हवीत. पायाखाली घ्यायचे छोटे पट्टे हार्नेसला आधीच लावून ठेवा, लटकलेला शुद्धीत असेल तर त्यात उभं राहून तो पाय हलवत राहू शकतो. उतरवल्यावर माणसाला आडवं करू नका, असं जुन्या प्रशिक्षणात सांगायचे. ब्रिटनमध्ये कामाच्या जागेची सुरक्षा बघणाऱ्या एचएसई या सरकारी संस्थेने २००९ मध्ये या विषयाचा आढावा घेतला, त्यात त्या सल्ल्याला आधार सापडला नाही. बेशुद्ध माणसाला नेहमीचेच प्रथमोपचार द्यायचे. आणि यातून निघतं ते साधं: वर एकटा माणूस कधीच नाही.

आता तुमची ती शेवटची ओळ. जुना सिमेंटचा पत्रा. इतका वेळ आपण कडेवरून पडण्याबद्दल बोललो, पण शेडवर माणसं पत्र्यातून आरपारही पडतात. सिमेंटचा पत्रा जुना झाला की ठिसूळ होतो, वरून शेवाळ आणि धूळ बसते आणि दिसायला अगदी दगडी वाटतो. त्याच्या मधेमधे उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे उन्हाने कडक होऊन आणखी वाईट झालेले असतात, आणि कुणीतरी गळती थांबवायला वरून डांबर किंवा रंग मारला असेल तर वेगळे ओळखूही येत नाहीत. चढण्याआधी आतून, खालून बघा. उजेड कुठून येतो त्याच्या छताच्या नकाशावर खुणा करून घ्या. बोल्टच्या रांगेवरून चाला असं जुने फिटर सांगतात, कारण खाली परलीन असते. ते खरं आहे, पण हातात पॅनल घेऊन बोटभर रुंद रेषेवर चालणं ही सुरक्षा नव्हे.

तुमच्या जागी मी असतो तर त्या अर्ध्या भागावर काम घेतलं नसतं. पत्रा आधी बदला, मग सोलर, असं मालकाला लेखी दिलं असतं. तसंही पंचवीस वर्षं टिकणारी पॅनल मोडकळीला आलेल्या पत्र्यावर बसवणं त्याच्याच पैशाचं नुकसान आहे, आणि हा मुद्दा त्याला सुरक्षेपेक्षा लवकर पटतो. पत्रा बदलायचं कामही तुम्हीच घेणार असाल तर खाली जाळी, वर चालायला रुंद फळ्यांचा मार्ग आणि शक्य तितकं काम बूम लिफ्टमधून, हा वेगळा दर आणि वेगळं कोटेशन. त्या पत्र्यात बहुधा ॲस्बेस्टॉस असेल, म्हणजे तो फोडायचा किंवा ग्राइंडरने कापायचा नाही, मास्क वगैरे आणखी गोष्टी त्यात येतात.

आणि हो, सेफ्टी ऑफिसरकडे शेडचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा. राफ्टर किती अंतरावर, परलीन किती जाडीची, वळचणीची उंची किती, हे त्यातून कळलं तरच अँकर कुठे आणि दोरी केवढी ते ठरेल. ड्रॉइंग नाही म्हणाले तर तुमच्या इंजिनिअरला मोजमाप घ्यायला अर्धा दिवस द्या आणि त्याचे पैसे लावा. हार्नेसची ऑर्डर त्यानंतर.